'जुनाट' विमानाची गोष्ट : एक चिकित्सा

विज्ञानाच्या आणि तंत्रज्ञानाच्या इतिहासातील काही गोष्टी इतक्या वेळा सांगितल्या जातात, की त्या तपासून पाहण्याची गरज कोणालाच वाटत नाही. स्वॉर्डफिश या ब्रिटिश विमानाची गोष्ट त्यांपैकीच एक आहे. ती साधारण अशी सांगतात : दुसरे महायुद्ध सुरू झाले तेव्हा जगभर धातूची वेगवान एकपंखी विमाने आली होती. ब्रिटिश आरमाराजवळ मात्र कापड मढवलेले, दांड्या-तारांनी बांधलेले, उघड्या बैठकीचे एक जुनाट द्विपंखी विमान होते. तरीही मे १९४१ मध्ये या विमानांनी 'बिस्मार्क' या बलाढ्य जर्मन युद्धनौकेचे सुकाणू निकामी केले. कसे? तर विमान इतके संथ होते, की जर्मन तोफांच्या नेम धरणाऱ्या यंत्रांना एवढा कमी वेग हिशेबात घेताच येईना.

गोष्ट ऐकायला गोड आहे. दुबळ्याने बलवानाला हरवावे हे कोणाला आवडणार नाही? १९६० साली लुइस गिल्बर्ट यांनी दिग्दर्शित केलेल्या 'सिंक द बिस्मार्क!' या चित्रपटाने तिला पडदा मिळवून दिला. त्यासाठी खरीखुरी स्वॉर्डफिश विमाने उडवण्यात आली होती आणि ती दृश्ये आजही पाहण्यासारखी आहेत. मात्र चित्रपटात बिस्मार्कच्या तोफांनी विमाने पडताना दिसतात. प्रत्यक्षात त्या हल्ल्यांत बिस्मार्कला एकही स्वॉर्डफिश पाडता आले नव्हते. नाट्यासाठी घेतलेली ही सूट आपण एक वेळ मान्य करू. पण मूळ गोष्टीतील दोन विधाने वर्गात सांगण्यापूर्वी तपासली पाहिजेत. पहिले, हे विमान 'जुनाट' होते. आणि दुसरे, ते संथ होते म्हणून वाचले. पहिले विधान अर्धवट आहे. दुसरे मला धोक्याचे वाटते.

एखादे यंत्र जुनाट आहे की नाही, हे त्याच्या रूपावरून ठरवता येत नाही. त्याला कोणता प्रश्न सोडवायचा होता, हे आधी विचारावे लागते. इथे तो प्रश्न १९१६ सालचा आहे. त्या वर्षी ब्रिटिश आरमारातील मरे स्यूटर या अधिकाऱ्याने सॉपविथ कंपनीकडे टॉर्पेडो, म्हणजे पाणतीर, वाहून नेणाऱ्या विमानाची मागणी केली. टॉर्पेडोचे वजन होते एक हजार पौंड, म्हणजे सुमारे ४५० किलो. त्यातून जून १९१७ मध्ये 'कुक्कू' हे विमान उडाले. त्यात एकच वैमानिक बसे आणि इंजिन २०० अश्वशक्तीचे होते. पंखांचा विस्तार सव्वाचौदा मीटर, क्षेत्रफळ सुमारे ५३ चौरस मीटर आणि टॉर्पेडोसह वजन सुमारे १,७५० किलो. म्हणजे एकूण वजनाचा चौथा हिस्सा एकट्या टॉर्पेडोचा. बंदरात उभ्या असलेल्या जर्मन आरमारावर अशा शंभराहून अधिक विमानांनी हल्ला करावा, अशी योजना ॲडमिरल बीटी यांनी १९१७ मध्येच मांडली होती. ऑक्टोबर १९१८ मध्ये कुक्कू विमाने 'आर्गस' या जहाजावर दाखल झाली. सलग सपाट डेक असलेले हे पहिले विमानवाहू जहाज. पुढच्याच महिन्यात युद्ध संपले आणि योजना कागदावरच राहिली.

जहाजावरून उडणे म्हणजे काय, हे समजण्यासाठी अकरावी-बारावीचे भौतिकशास्त्र पुरेसे आहे. पंखांना मिळणारी उचल ही हवेची घनता, पंखांचे क्षेत्रफळ आणि वेगाचा वर्ग यांच्या प्रमाणात असते. विमान उचलले जाण्यासाठी ती वजनाइतकी व्हावी लागते. त्यामुळे उड्डाणाचा किमान वेग ठरतो तो 'पंखभारा'वरून, म्हणजे पंखाच्या दर चौरस मीटरवर किती किलो वजन पडते यावरून. पंखभार दुप्पट झाला, तर किमान वेग १.४ पट होतो.

आता स्वॉर्डफिशचे आकडे घेऊ. टॉर्पेडोसह वजन सुमारे ३,४०० किलो आणि पंखांचे क्षेत्रफळ ५६ चौरस मीटर. पंखभार होतो सुमारे ६०. पंखाचा उचल-गुणांक १.४ धरला, तर किमान वेग सेकंदाला २६ मीटर, म्हणजे ताशी सुमारे ९५ किलोमीटर येतो. पण जहाज स्वतः वाऱ्याला सामोरे जात ३० नॉट, म्हणजे सेकंदाला १५ मीटर वेगाने धावत असते. तेवढा वेग विमानाला फुकट मिळतो. डेकच्या सापेक्ष त्याला फक्त सेकंदाला ११ मीटर वेग घ्यावा लागतो. प्रवेग सेकंदाला २ मीटर प्रतिसेकंद धरला, तर त्यासाठी ३० मीटर धाव पुरते.

आता त्याच वजनाचे, पण निम्म्या क्षेत्रफळाच्या पंखांचे विमान घ्या. किमान वेग २६ ऐवजी ३७ होईल. जहाजाचे १५ वजा केले की उरतात २२. वेग दुप्पट झाला, म्हणून धाव चौपट झाली : ३० ऐवजी १२१ मीटर. हे दोन्ही आकडे किमान वेगाचे आहेत. प्रत्यक्षात वैमानिक त्याहून थोडा अधिक वेग घेतो, पण तुलनेचा अर्थ त्याने बदलत नाही. हाच हिशेब स्थिर जमिनीवर करून पाहा. तिथे १६९ मीटर आणि ३४२ मीटर असे उत्तर येते, म्हणजे धाव फक्त दुप्पट होते. जमिनीवर दुपटीने भागणारी गोष्ट जहाजावर चौपट महाग पडते. शिवाय डेकच्या मागील भागात इतर विमाने ओळीने उभी असतात, त्यामुळे पहिल्या विमानाला सगळी लांबी मिळतच नाही.

म्हणजे मोठे पंख हवेत. मग ते दोन मजल्यांत का? कारण तेवढेच क्षेत्रफळ तेवढ्याच रुंदीच्या एका पंखात बसवायचे, तर विस्तार जवळजवळ दुप्पट करावा लागतो. असा लांब पंख मुळाशी मोडू नये म्हणून तो जाड आणि जड करावा लागतो. दोन पंख उभ्या दांड्यांनी आणि तिरप्या तारांनी जोडले, की पुलाच्या कैचीसारखी हलकी व ताठ चौकट तयार होते. शिवाय हे पंख मागे दुमडता येतात. स्वॉर्डफिशचा पावणेचौदा मीटरचा विस्तार दुमडल्यावर सुमारे सव्वापाच मीटर होई, आणि डेकखालच्या कोठारात जागा नेहमीच अपुरी असे. याची किंमतही आहे. दांड्या-तारांमुळे हवेचा रोध वाढतो, आणि एकमेकांजवळचे पंख परस्परांची उचल थोडी कमी करतात. पण ही किंमत प्रामुख्याने जास्त वेगाला द्यावी लागते. कमी वेगात काम असेल, तर सौदा फायद्याचाच ठरतो.

कुक्कूनंतरची विमाने ओळीने पाहिली, की दोन युद्धांमधला हा काळ झोपेत गेला नव्हता हे ध्यानात येते. १९२१ मध्ये ब्लॅकबर्न कंपनीचे 'डार्ट' उडाले. त्यातही एकच वैमानिक होता, पण नेपियर लायन इंजिन ४५० अश्वशक्तीचे होते. १९२६ मध्ये उडालेल्या 'रिपन'मध्ये दुसरी बैठक आली, कारण अथांग समुद्रावर दिशा शोधणे आणि विमान चालवणे ही दोन्ही कामे एकट्याने करणे कठीण होते. १९३४ मध्ये सेवेत आलेले 'बॅफिन' म्हणजे मुळात रिपनच, पण पाण्याने थंड होणाऱ्या इंजिनाऐवजी हवेने थंड होणारे ब्रिस्टल पेगासस इंजिन बसवलेले. पुढच्या वर्षी आलेल्या 'शार्क'मध्ये तिसरी बैठक होती, परंतु त्याच्या टायगर इंजिनाने डोकेदुखी वाढवली. १९३६ मध्ये स्वॉर्डफिश आले, आणि ते पुन्हा पेगासस इंजिनावर.

या सर्व विमानांच्या पंखांचा विस्तार साडेतेरा ते सव्वाचौदा मीटर एवढ्याच पट्ट्यात आहे. छायाचित्रे शेजारी ठेवली तर विमाने भावंडे वाटतात, आणि 'वीस वर्षांत काहीच बदलले नाही' असा शेरा मारण्याचा मोह होतो. पण कुक्कूपासून स्वॉर्डफिशपर्यंत इंजिनाची शक्ती २०० वरून ६९० अश्वशक्तीवर गेली. वजन जवळजवळ दुप्पट झाले, टॉर्पेडो ४५० किलोंवरून सुमारे ७०० किलोंवर गेला आणि माणसे एकाची तीन झाली. मग डेकचे काय? वरच्याच रीतीने कुक्कूचा किमान वेग काढला, तर तो सेकंदाला सुमारे २० मीटर येतो. आर्गसचा वेग होता सुमारे २० नॉट, म्हणजे सेकंदाला १० मीटर. उरले १०. स्वॉर्डफिशचे आपण ११ काढले होते. दरम्यानच्या काळात 'फ्यूरियस', 'करेजस', 'ग्लोरियस' ही सुमारे ३० नॉट वेगाची जहाजे आली होती. वाढलेल्या वजनाची भरपाई जहाजांच्या वाढलेल्या वेगाने केली होती. विमान एकटे पाहिले तर ही प्रगती दिसत नाही. विमान, जहाज आणि टॉर्पेडो मिळून एक यंत्र आहे, असे मानले तरच ती दिसते.

स्वॉर्डफिशच्या जन्मकथेतही शिकण्यासारखे आहे. त्याचा पूर्वज फेअरी कंपनीने स्वखर्चाने बांधला होता आणि मार्च १९३३ मध्ये तो उडाला. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये चाचणीत तो गरगरत खाली आला. वैमानिक हवाई छत्रीने वाचला, विमान नष्ट झाले. कंपनीने धडा घेतला आणि विमानाचा मागील भाग लांबवला. त्यामुळे गुरुत्वमध्य मागे सरकला. तो सांभाळण्यासाठी वरचा पंख सुमारे चार अंशांनी मागे झुकवला. सुधारलेले विमान एप्रिल १९३४ मध्ये उडाले. छायाचित्रात वरचा पंख किंचित मागे कललेला दिसतो, त्यामागे हे कारण आहे.

आता दुसरा प्रश्न : टॉर्पेडो टाकताना वेग किती असावा? साधारण १८ मीटर उंचीवरून, सेकंदाला ४६ मीटर (ताशी सुमारे १६५ किलोमीटर) वेगाने टॉर्पेडो सोडला असे धरू. पाण्यावर पोहोचताना त्याचा उभा वेग सेकंदाला सुमारे १९ मीटर होतो आणि तो २२ अंशांच्या कोनात पाण्यात शिरतो. विमानाचा वेग दुप्पट केला, तर कोन साडेअकरा अंश होतो. इतक्या उथळ कोनात टॉर्पेडो तळ्यावर मारलेल्या भाकरीसारखा उसळ्या घेऊ शकतो. त्याची गतिज ऊर्जाही साडेतीन पटींहून अधिक होते. आतील नाजूक यंत्रणा त्या आघाताने बिघडते. कोन राखण्यासाठी उंची वाढवली, तर आघात आणखी वाढतो. थोडक्यात, टॉर्पेडो जोपर्यंत हा धक्का सोसू शकत नाही, तोपर्यंत विमान कितीही वेगवान असले तरी ऐन मोक्याच्या क्षणी त्याला संथच व्हावे लागते.

हे अमेरिकेच्या अनुभवावरून दिसते. त्यांचे 'डेव्हास्टेटर' हे धातूचे एकपंखी विमान १९३७ मध्ये सेवेत आले. त्याचा कमाल वेग ताशी ३३० किलोमीटर होता, पण त्यांचा टॉर्पेडो टाकताना वेग ताशी २०० किलोमीटरच्या आसपास ठेवावा लागे. ४ जून १९४२ रोजी मिडवेच्या लढाईत 'हॉर्नेट' जहाजावरून गेलेल्या त्यांच्या तुकडीची सर्व १५ विमाने पडली. ते विमान दिसायला आधुनिक होते, एवढ्याने काही साधले नाही. याउलट जपानने विमानाबरोबर टॉर्पेडोही बदलला. लाकडी शेपटी हवेत टॉर्पेडोला सरळ ठेवी आणि पाण्यात शिरताना तुटून पडे. टॉर्पेडो स्वतःभोवती गरगरू नये अशीही योजना त्यात होती. त्यामुळे तो कितीतरी अधिक वेगाने सोडता येई आणि वेगवान एकपंखी विमानाला खरा अर्थ येई. डिसेंबर १९४१ मध्ये पर्ल हार्बर येथे आणि मलायाच्या समुद्रात त्याचा परिणाम जगाने पाहिला.

आता गोष्टीतील दुसऱ्या विधानाकडे वळू : संथ म्हणून सुरक्षित. हे तपासण्यासाठी इतिहासाने आपल्याला एक दुर्मीळ तुलना दिली आहे. २४ मे १९४१ रोजी रात्री 'व्हिक्टोरियस' जहाजावरून ८२५व्या तुकडीची नऊ स्वॉर्डफिश विमाने बिस्मार्कवर गेली. नेते होते यूजीन एस्मंड. नऊच्या नऊ विमाने परत आली. (सुकाणू निकामी करणारा हल्ला दोन दिवसांनी 'आर्क रॉयल'च्या १५ विमानांनी केला.) १२ फेब्रुवारी १९४२ रोजी तीन मोठी जर्मन जहाजे इंग्लिश खाडीतून निघाली, तेव्हा त्याच एस्मंड यांनी त्याच क्रमांकाच्या तुकडीची सहा स्वॉर्डफिश विमाने नेली. विमान तेच, वेगही तोच. सहाच्या सहा पाडली गेली. १८ माणसांपैकी पाच वाचली, आणि एस्मंड त्यांत नव्हते. एकही टॉर्पेडो लागला नाही.

फरक कशाचा होता? पहिला हल्ला खवळलेल्या उत्तर अटलांटिकवर, अंधुक प्रकाशात झाला. तिथे शत्रूचे एकही लढाऊ विमान नव्हते. दुसरा हल्ला भर दिवसा, किनाऱ्याजवळ, जर्मन लढाऊ विमानांच्या छत्राखाली झाला. सोबतीला वेळेवर पोहोचली ती दहा स्पिटफायर. त्याच वर्षी ५ एप्रिलला कोलंबोजवळ जपानी लढाऊ विमानांनी गाठलेली सहा स्वॉर्डफिशही अशीच गेली. उलट नोव्हेंबर १९४० मध्ये तारांतो बंदरावर २१ स्वॉर्डफिशनी रात्री अचानक हल्ला करून तीन इटालियन युद्धनौका जायबंदी केल्या, तेव्हा फक्त दोन विमाने गमावली. बीटी यांची १९१७ची कल्पना तेवीस वर्षांनी खरी ठरली. संरक्षण दिले ते रात्रीने, हवामानाने, अनपेक्षितपणाने आणि शत्रूच्या लढाऊ विमानांच्या अभावाने. संथपणाला ते श्रेय देणे म्हणजे एका निरीक्षणावरून नियम बांधणे होय. असा नियम एखाद्या विद्यार्थ्याने प्रयोगवहीत लिहिला, तर आपण त्याला दुसरे निरीक्षण घ्यायला लावतो. इथे तर दुसऱ्या निरीक्षणाची किंमत तेरा माणसांनी मोजली आहे. गोड गोष्टीत ती माणसे कुठेच येत नाहीत.

मग टीकेला जागाच नाही का? आहे, पण ती पंखांच्या संख्येवर नाही. १९१८ मध्ये स्वतंत्र हवाई दल स्थापन झाले आणि आरमाराची विमाने त्याच्याकडे गेली. विमाने पूर्णपणे आरमाराकडे परत यायला मे १९३९ उजाडावा लागला. जहाज एका खात्याचे, विमान दुसऱ्या खात्याचे, अशी ही व्यवस्था होती. जहाजावर विमाने थोडी मावत, म्हणून प्रत्येक विमानाने टॉर्पेडो टाकावा, टेहळणी करावी आणि तोफांच्या माऱ्याचे निरीक्षणही करावे अशी मागणी आली. त्यातून तिसरी बैठक आणि जादा वजन आले. १९३३ मध्ये, जेव्हा जहाजाजवळ शत्रूची किनाऱ्यावरची लढाऊ विमाने पोहोचतील असे गृहीत नव्हते, तेव्हा द्विपंखी विमान हे योग्य उत्तर होते. पण डिसेंबर १९३८ मध्ये स्वॉर्डफिशच्या जागी आणण्यासाठी 'अल्बाकोर' उडाले, तेही द्विपंखीच. तोवर जपानचे एकपंखी विमान उडून जवळपास दोन वर्षे झाली होती. प्रश्न बदलला होता आणि उत्तर मात्र जुन्याच प्रश्नाचे दिले गेले. 'जुनाट' हा शब्द वापरायचाच असेल, तर तो इथे वापरावा.

आणि तरीही अल्बाकोर आधी निवृत्त झाले व स्वॉर्डफिश टिकले. युद्धाच्या उत्तरार्धात धान्य आणि तेल वाहणाऱ्या काही मालवाहू जहाजांवर सपाट डेक बसवण्यात आले. ही जहाजे जेमतेम ११-१२ नॉटने चालत. अशा आखूड, संथ डेकवरून पाणबुड्यांच्या शोधात उडू शकेल असे विमान हवे होते, आणि भर अटलांटिकमध्ये शत्रूची लढाऊ विमाने नव्हती. स्वॉर्डफिशला त्याचा जुना प्रश्न पुन्हा भेटला. १९४४ पर्यंत त्याचे उत्पादन चालू राहिले, आणि एकूण संख्या २,४०० च्या जवळपास गेली.

तंत्रज्ञानाचा इतिहास आपण बहुधा जिन्यासारखा शिकवतो : खालची पायरी जुनी, वरची नवी, आणि वरची ती चांगली. विद्यार्थ्यांच्या मनात हा जिना इतका पक्का बसतो, की समोरचे साधन कोणत्या कामासाठी आहे हे न विचारता ते त्याच्या नवेपणावर भाळतात किंवा त्याच्या जुनेपणाला हसतात. स्वॉर्डफिशचे उदाहरण वर्गात घ्यावे ते यासाठी. मुलांना आधी छायाचित्र दाखवून मत विचारावे. मग वजन, क्षेत्रफळ आणि जहाजाचा वेग देऊन धावेचा हिशेब त्यांच्याकडूनच करून घ्यावा. शेवटी मे १९४१ आणि फेब्रुवारी १९४२ या दोन हल्ल्यांच्या नोंदी समोर ठेवून विचारावे : यांतून काय सिद्ध होते, आणि काय होत नाही? मुले सूत्र लवकर विसरतील. पण हा शेवटचा प्रश्न विचारण्याची सवय लागली, तर ती पुढे पुष्कळ ठिकाणी कामाला येईल.